समुद्राचा तळ मोजणारे शास्त्रज्ञ: कोण होते योहानेस पीटरसन?

समुद्राचं पाणी चांगलं आहे की खराब, हे कसं ओळखायचं?

डोक्यात पहिलं उत्तर येतं ते बाटलीचं. पाणी भरायचं, लॅबमध्ये पाठवायचं, रिपोर्ट आला की विषय संपला. पण बाटलीत येतं ते फक्त त्या क्षणाचं पाणी. भरतीच्या वेळी भरलेली बाटली एक सांगेल, ओहोटीला भरलेली दुसरंच. आणि काल रात्री कुणी नाल्यातून काही सोडलं असेल, तर सकाळी बाटली घेऊन माणूस पोहोचेपर्यंत ते वाहून गेलेलं असू शकतं.

म्हणून सागरी शास्त्रज्ञ पाण्यासोबत खालचा चिखलही तपासतात. बोटीतून एक लोखंडी जबडा तळाशी सोडतात, ठरावीक जागेतला चिखल उचलतात, चाळणीवर धुतात आणि चाळणीत जे जिवंत उरतं ते मोजतात. शिंपले, किडे, बारके खेकडे, तारामासे, जे असेल ते. तळाशी राहणाऱ्या या सगळ्या मंडळींना मिळून एक नाव आहे, बेंथॉस.

यांची खासियत अशी की यांना पळता येत नाही. पाणी बिघडलं की मासा दुसरीकडे निघून जातो. चिखलात रुतलेला शिंपला कुठे जाणार? त्या जागेवर वर्षभरात जे जे झालं ते त्यानं सोसलेलं असतं. त्यामुळे तळात कोण उरलंय आणि कोण गायब झालंय, यावरून त्या जागेचा मागचा हिशोब लागतो.

आज युरोपातल्या देशांना किनाऱ्याजवळच्या पाण्याची तब्येत ठरवताना ही मोजणी कायद्यानं करावी लागते. पण ही पद्धत ज्या माणसानं रुजवली, त्याला प्रदूषणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला कोळ्यांच्या जाळ्यात किती मासे येतील, एवढंच काढायचं होतं.

त्यांचं नाव कार्ल गेओर्ग योहानेस पीटरसन. आणि गंमत म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गणित चुकलं होतं.

क्राकेनवाल्या गुरूंचा विद्यार्थी

पीटरसन यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1860 रोजी डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सव्हेर्क या गावात झाला. पुढे कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञान शिकायला घेतलं. तिथे त्यांना गुरू भेटले ते यापेटस स्टीनस्ट्रूप. हे नाव ओळखीचं नसेल, पण क्राकेन माहीत असेलच. जहाजं ओढून नेणारा तो समुद्री राक्षस. किनाऱ्यावर वाहून आलेले अवशेष आणि जुन्या दंतकथा समोरासमोर ठेवून, या गोष्टींच्या मागे खरा प्राणी आहे आणि तो महाकाय माखूल आहे, हे शास्त्रीय भाषेत मांडणारे ते हेच स्टीनस्ट्रूप.

विद्यार्थ्याची वाट मात्र राक्षसांकडे गेली नाही. 1883 ते 1886 या काळात डॅनिश नौदलाची 'हॉख' नावाची गनबोट देशाच्या आसपासच्या समुद्रात पाहणी करत होती. पीटरसन त्या मोहिमांमध्ये होते. काम साधं पण कंटाळवाणं होतं. तळावरून जाळं ओढायचं, वर आलेलं निवडायचं, कुठे काय सापडलं ते लिहायचं. यातूनच 1888 मध्ये त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता डॅनिश समुद्रात कवचवाले मृदुकाय प्राणी कुठे कुठे पसरलेत.

या जाळ्याची एक अडचण त्यांना नंतर फार छळणार होती. तळावरून ओढायच्या या जाळ्याला ड्रेज म्हणतात. लोखंडी चौकट आणि मागे पिशवी. हे तळावरून किती अंतर घासत गेलं, मध्ये किती वेळा उडालं, पिशवी भरल्यावर किती माल बाहेरच राहिला, काहीच कळत नाही. म्हणजे अमुक प्राणी इथे आहे, एवढं सांगता येतं. पण किती आहे? ते नाही.

नवे प्राणी शोधून त्यांना नावं देणं हेच ज्यांचं काम, त्यांचं 'आहे' एवढ्यावर भागायचं. पीटरसन यांचं भागलं नाही, कारण त्यांची पुढची नोकरी माशांशी संबंधित होती.

तरंगतं ऑफिस

1889 मध्ये डेन्मार्कनं 'डॅनिश बायॉलॉजिकल स्टेशन' सुरू केलं आणि त्याची सूत्रं पीटरसन यांच्याकडे आली. वय अजून तीसही नव्हतं. हे स्टेशन म्हणजे किनाऱ्यावरची इमारत नव्हती. ते एक जहाज होतं. एका खाडीत नांगर टाकायचा, तिथलं काम उरकलं की पुढच्या खाडीत जायचं. ही जबाबदारी पुढे 1926 पर्यंत त्यांच्याकडे राहिली. म्हणजे जवळपास सगळी कारकीर्द एकाच संस्थेत गेली.

स्टेशनचा पैसा सरकारचा होता आणि सरकारला उत्तरं हवी होती ती मासेमारीची. मासे कमी का होताहेत? लहान मासे पकडायला बंदी घालावी का? घातली तर किती आकाराखाली? कोळ्यांचं म्हणणं एक, व्यापाऱ्यांचं दुसरं, आणि भांडण मिटवायला आकडे कुणाकडेच नव्हते.

आकडे काढायचे तर आधी माशाचं वय कळायला हवं. ते कसं कळणार? पीटरसन होल्बेक नावाच्या खाडीत बसून मासे मोजत राहिले. शेकडो मासे, प्रत्येकाची लांबी. मग कुठल्या लांबीचे किती मासे याचा आलेख काढला, तर त्यात उंचवटे दिसले. एक गठ्ठा लहान माशांचा, मग दरी, मग दुसरा गठ्ठा थोड्या मोठ्यांचा. हे मासे वर्षातून एकाच हंगामात पिल्लं घालतात. म्हणजे पहिला गठ्ठा यंदाचा, दुसरा गेल्या वर्षीचा, तिसरा त्याआधीचा. माशाच्या अंगावर जन्मतारीख नसताना वय काढण्याची ही युक्ती मत्स्यशास्त्रात अजून त्यांच्या नावानं ओळखली जाते.

दुसरी युक्ती खुणेची. 'प्लेस' नावाचा एक चपटा मासा डॅनिश कोळ्यांच्या जिव्हाळ्याचा. आपल्याकडच्या लेपासारखा, तळाला चिकटून राहणारा. पीटरसन यांनी या माशांना तारेनं दोन छोट्या चकत्या जोडल्या आणि पुन्हा पाण्यात सोडलं. नंतर कोळ्यांच्या जाळ्यात खुणेचे किती मासे परत येतात ते पाहिलं. आज वाघांपासून फुलपाखरांपर्यंत कुठल्याही प्राण्याची संख्या काढताना 'पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा' ही पद्धत वापरतात, तिच्या मूळ सूत्राचं नाव आहे लिंकन-पीटरसन. खरं बघायला गेलं तर पीटरसन यांना एकूण संख्येपेक्षा कोळी दरवर्षी त्यातला किती हिस्सा उचलतात यात जास्त रस होता. सूत्राला नाव मात्र त्यांचं चिकटलं ते चिकटलंच.

लिमफ्योर्डचं कोडं

या सगळ्या गोष्टीचं केंद्र आहे लिमफ्योर्ड. डेन्मार्कच्या उत्तर भागात, जटलँडच्या आरपार, पश्चिमेच्या उत्तर समुद्रापासून पूर्वेच्या कॅटेगॅट समुद्रापर्यंत गेलेला हा उथळ पाण्याचा पट्टा. कुठे अरुंद, कुठे तलावासारखा ऐसपैस. कधीकाळी त्याचं पश्चिमेचं तोंड वाळूच्या बांधानं बंद होतं. फेब्रुवारी 1825 च्या वादळात समुद्रानं तो बांध फोडला आणि खारं पाणी आत शिरलं. आतलं जीवन पार बदललं. गोड्या आणि मचूळ पाण्यातले मासे हटले, समुद्रातले आले. त्यात प्लेसही होता.

दरवर्षी प्लेसची पिल्लं उत्तर समुद्रातून पश्चिमेच्या तोंडातून लिमफ्योर्डमध्ये शिरायची. पण शिरल्यावर तोंडाजवळच गर्दी करून राहायची. तिथे मासे भरपूर, पण सगळे हडकुळे. वर्षं गेली तरी विकण्याजोगे होत नव्हते. उलट आतल्या भागात मोजकेच मासे पोहोचायचे, पण जे पोहोचायचे ते चांगले धष्टपुष्ट.

1890 च्या दशकात पीटरसन यांनी तोंडाजवळचे मासे पकडून आतल्या भागात नेऊन सोडायचे प्रयोग केले. काही महिन्यांत त्यांची वाढ डोळ्यात भरण्यासारखी झाली. तोंडाजवळ जो मासा कवडीमोल होता, तोच आत गेल्यावर बाजारात भाव खायला लागला. पुढे ही माशांची ने-आण लिमफ्योर्डमध्ये नियमितपणे चालू झाली. आपल्याकडे रोपं दाट उगवली की उपटून मोकळ्या वाफ्यात लावतात, त्याचीच ही समुद्री आवृत्ती.

कोळ्यांचा प्रश्न सुटला. पीटरसन यांचा तिथून सुरू झाला.

एकाच फ्योर्डमध्ये इकडे मासा वाढतो आणि तिकडे वाढत नाही, याचा अर्थ खाण्यात फरक आहे. प्लेस खातो काय? तळातले शिंपले आणि किडे. मग इकडच्या तळात माणशी, म्हणजे माशी, किती जेवण आहे? शेतकऱ्याला आपल्या कुरणात किती गवत आहे आणि त्यावर किती गुरं जगतील याचा अंदाज असतो. समुद्राच्या कुरणाचा असा हिशोब कुणीच मांडला नव्हता.

1903 मध्ये त्यांनी अतिमासेमारी म्हणजे नेमकं काय, यावर एक निबंध लिहिला. तिथेही विचाराची दिशा हीच होती. वाढून मोठा होऊ शकेल असा मासा लहानपणीच उचलला तर तोटा आहेच. पण जिथे खाणंच कमी आणि गर्दीच जास्त, तिथे लहान मासे राखून ठेवूनही फायदा नाही. हे ठरवायचं तर तळाचं खाणं मोजायला हवं. आणि ड्रेज मोजू देत नव्हतं.

एक दशांश चौरस मीटर

मग त्यांनी मोजू देणारं यंत्र केलं. त्याला म्हणतात पीटरसन ग्रॅब.

जेसीबीचा किंवा क्रेनचा दोन बाजूंनी मिटणारा लोखंडी पंजा पाहिला असेल, तसंच हे. दोन जबडे उघडे ठेवून दोरीनं खाली सोडायचं. स्वतःच्या वजनानं ते चिखलात बसतं. दोरी सैल पडली की आतला हूक सुटतो. वर ओढायला लागलं की जबडे मिटतात आणि मधला चिखल आत अडकतो. जबड्यांनी झाकलेली जागा ठरलेली, 0.1 चौरस मीटर. म्हणजे साधारण एक फूट बाय एक फूट. वर आलेला चिखल चाळायचा, प्राणी निवडायचे, मोजायचे, तोलायचे. दहानं गुणलं की एका चौरस मीटरचा आकडा तयार.

ऐकायला अगदी बाळबोध वाटतं. पण याआधी समुद्रतळाबद्दल 'इथे अमुक प्राणी विपुल आहे' अशी वाक्यं लिहिली जायची. आता 'इथे एका चौरस मीटरमध्ये इतके' असं लिहिता येऊ लागलं. आणि दोन जागांची, किंवा एकाच जागेच्या दोन वर्षांची तुलना फक्त दुसऱ्या प्रकारच्या वाक्यातूनच होऊ शकते.

यंत्रात दोष होते. कडक वाळूत जबडा नीट रुतायचा नाही. खूप खोल बिळात राहणारे प्राणी हाती लागायचे नाहीत. दगडाळ तळावर तर त्याचा उपयोगच नव्हता. पण दोष सगळीकडे सारखेच असतील तर तुलना करता येते, आणि पीटरसन यांना तुलनाच हवी होती.

1911 मध्ये या कामाचा पहिला मोठा अहवाल आला. नाव होतं 'समुद्राचं मूल्यमापन'. जमिनीची प्रतवारी करावी, तसं समुद्राचं. सहलेखक होते पीटर बॉयसन येन्सन. हे खरं तर वनस्पतीवाले. रोप उजेडाकडे वळतं तेव्हा शेंड्याकडून खाली काही रासायनिक निरोप जातो, हे दाखवणारे प्रयोग त्यांनी त्याच सुमारास केले आणि पुढे त्यासाठीच ते प्रसिद्ध झाले. तळातल्या चिखलात मिसळलेला वनस्पतींचा कुजका चुरा हेच तळातल्या प्राण्यांचं जेवण आहे का, हे तपासायला असा माणूस सोबत असणं सोयीचंच होतं.

चिखलात वस्त्या सापडल्या

लिमफ्योर्डनंतर पीटरसन यांनी ग्रॅब घेऊन सगळा डॅनिश समुद्र पालथा घातला. 1911 आणि 1912 मध्ये कॅटेगॅटच्या कितीतरी ठिकाणी जबडा टाकला गेला. आणि आकडे समोर मांडल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली.

तळावरचे प्राणी वाटेल तसे विखुरलेले नव्हते. ठरावीक प्राणी ठरावीक प्राण्यांसोबतच सापडत होते. उथळ, कमी खाऱ्या पाण्यात 'माकोमा' नावाचा छोटा शिंपला आणि त्याचे शेजारी. मोकळ्या वाळूत 'व्हीनस' नावाचे जाड शिंपले आणि त्यांचे शेजारी. आडोशाच्या मऊ चिखलात 'आब्रा'. खोलवर बारीक हातांचे ब्रिटल स्टार आणि चिखलात पुरून राहणारे सी अर्चिन. गावात जशी कोळीवाडा, कुंभारवाडा अशी आळी असते, तशा समुद्रतळाच्या आळ्या. प्रत्येक आळीला पीटरसन यांनी तिथल्या ठळक प्राण्याचं नाव दिलं. 1913 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि समुद्रतळाचे जीवसमुदाय ही कल्पना विज्ञानात आली.

त्यांनी याची चित्रंही छापली. एक चौकट, आणि त्या चौकटीत तेवढ्या तळावर सापडलेले प्राणी अगदी मोजून मांडलेले. इन्फोग्राफिक हा शब्द यायच्या कितीतरी आधीचं इन्फोग्राफिक. ही चित्रं अजूनही सागरी जीवशास्त्राच्या पुस्तकांमध्ये दिसतात.

या आळ्या खऱ्या आहेत का, म्हणजे हे प्राणी एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून सोबत राहतात, की सगळ्यांना एकाच प्रकारचा चिखल आवडतो म्हणून योगायोगानं शेजारी झालेत? यावर पुढे कित्येक दशकं वाद झाला. पीटरसन स्वतः सावध होते. त्यांच्या लेखी समुदाय म्हणजे मोजणीतून दिसलेली गोष्ट, त्यापलीकडचा दावा नाही. त्यांच्यानंतर गुन्नार थॉर्सन या दुसऱ्या डॅनिश शास्त्रज्ञानं जगभरचे तळ तपासून असेच समांतर समुदाय इतर समुद्रांतही दिसतात असं मांडलं.

पण पाण्याची तब्येत तपासण्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं काही असेल तर ते वेगळंच. एखाद्या जागी नेहमी कोण राहतं हे एकदा ठरलं, की तिथे कोण नाही हेही दिसायला लागतं.

चुकलेलं गणित

1918 मध्ये पीटरसन यांनी 35 वर्षांच्या कामाचा आढावा छापला. त्यात कॅटेगॅटचा संपूर्ण ताळेबंद होता. सगळ्यात खाली पाया म्हणून सीग्रास, म्हणजे किनाऱ्याजवळ उगवणारं समुद्री गवत: 2 कोटी 40 लाख टन. त्याच्या कुजलेल्या चुऱ्यावर जगणारे तळातले प्राणी. त्यातले 50 लाख टन असे की जे माशांच्या काही कामाचे नाहीत, आणि 10 लाख टन माशांचं खाणं. आणि या सगळ्या उतरंडीच्या वर प्लेस, फक्त 5,000 टन.

एका अख्ख्या समुद्राचं अन्न कुठून येतं आणि कुठे जातं, हे असं आकड्यांत मांडण्याचा हा फार सुरुवातीचा प्रयत्न होता. शाळेच्या पुस्तकात आज अन्नसाखळीचा पिरॅमिड असतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. यातून कोळ्यांना एक जबरदस्त गोष्ट कळत होती. ताटात येणाऱ्या एका माशामागे शेकडो पट वजनाचं काहीतरी तळाशी उगवत आणि कुजत असतं.

पण पायाच चुकीचा निघाला.

पीटरसन यांचं निधन 11 मे 1928 रोजी झालं. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर सीग्रासवर रोग पडला. डेन्मार्कच्याही समुद्रातून प्रचंड प्रमाणात हे गवत नाहीसं झालं. पीटरसन यांचं गणित बरोबर असतं, तर गवतापाठोपाठ किडे, शिंपले आणि मग मासे असा सगळाच डोलारा कोसळायला हवा होता.

तसं काही झालं नाही. मासे मिळत राहिले.

म्हणजे समुद्राची भूक गवतावर नाही, तर मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर भागत होती. या प्लवकांचा वाटा पीटरसन यांनी फार कमी धरला होता. सीग्रासचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. माशांच्या पिल्लांना आसरा, वाळूला धरून ठेवणं, ही कामं ते करतंच. पण कॅटेगॅटचा मुख्य स्वयंपाक त्या चुलीवर होत नव्हता.

निष्कर्ष असा पडला, तरी त्यांचे मूळ आकडे मात्र खरे होते. अमुक तारखेला अमुक ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये काय होतं, याची नोंद कुठल्याही सिद्धांतावर अवलंबून नव्हती. पुढची सगळी गोष्ट घडली ती याच आकड्यांमुळे.

गटाराच्या तोंडाशी

पीटरसन यांच्यानंतर स्टेशनची सूत्रं त्यांचे सहकारी हाराल्ड ब्लेगव्हाद यांच्याकडे गेली. 1932 मध्ये ब्लेगव्हाद यांचा एक छोटा अहवाल आला. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या सामुद्रधुनीत जिथे शहराची गटारं उघडतात, तिथल्या तळाच्या प्राण्यांवर.

मासे किती येतील हे सांगण्यासाठी घडवलेली पद्धत आता शहराची घाण समुद्राचं काय करते हे सांगायला लागली होती.

हे नेमकं कसं चालतं? सांडपाण्यात असतो सेंद्रिय गाळ. तो तळाशी साचतो, जिवाणू त्याला कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन संपतो. गाळ थोडा असेल तर उलट फायदाच, कारण ते खाणं आहे. जास्त झाला की श्वास कोंडतो. मग सगळ्यात आधी जातात ते नाजूक आणि दीर्घायुषी प्राणी. सी अर्चिन, मोठे शिंपले, ब्रिटल स्टारच्या काही जाती. त्यांच्या रिकाम्या जागेवर येतात बारके, भराभर वाढणारे, भराभर पिल्लं घालणारे किडे.

यातला सगळ्यात प्रसिद्ध आहे 'कॅपिटेला'. गांडुळाच्या लांबच्या नात्यातला, लालसर, दोऱ्यासारखा किडा. गटाराच्या तोंडाशी, तेलगळती झालेल्या चिखलात, बंदरांच्या कडेला हा हजारोंच्या संख्येनं सापडतो. बराच काळ ही जगभरची एकच जात मानली जायची. नंतर कळलं की हुबेहूब दिसणाऱ्या अनेक जाती या एकाच नावाखाली लपल्या होत्या. तोंडाच्या आणखी जवळ गेलं, तर कॅपिटेलाही नाही. नुसता काळा, कुजक्या अंड्याचा वास येणारा चिखल.

म्हणजे गटारापासून लांब लांब जात ग्रॅब टाकत गेलं, तर आधी शून्य, मग एकाच जातीची तुफान गर्दी, मग हळूहळू जातींची संख्या वाढत जाऊन शेवटी नेहमीची आळी. 1978 मध्ये थॉमस पिअर्सन आणि रुटगर रोझेनबर्ग यांनी अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून हा क्रम पक्का मांडला. 2000 मध्ये स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञांनी त्याचं थेट मार्कशीटच केलं. नाव 'अँबी'. प्राण्यांचे पाच गट. पहिला गट घाण अजिबात न सोसणाऱ्यांचा, पाचवा घाणीतच फोफावणाऱ्यांचा. प्रत्येक गटाला गुण, 0 पासून 6 पर्यंत, दीडदीडच्या फरकानं. नमुन्यात कुठल्या गटाचे किती टक्के हे बघून सरासरी काढायची. आकडा जितका कमी, तितकं पाणी निरोगी. आणि तळात जिवंत काहीच सापडलं नाही, तर थेट 7.

त्याच वर्षी युरोपीय संघाचा पाण्याविषयीचा कायदा आला आणि तळातले प्राणी हा किनारी पाण्याच्या तपासणीचा अधिकृत निकष झाला.

आणि आपल्याकडे?

पीटरसन यांचा मूळचा प्रश्न, म्हणजे तळात खाणं किती आणि त्यावर मासे किती, हा भारतातही विचारला गेला. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पारुळेकर, हरकंत्रा आणि अन्सारी या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये भारतीय समुद्रांच्या तळातल्या जीवांच्या उत्पादनावरून तळाजवळच्या माशांचा अंदाज मांडला. प्लेसच्या जागी आपले मासे, कॅटेगॅटच्या जागी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर.

खाड्यांची तब्येत तपासायलाही हीच मोजणी वापरतात. पण इथे एक अडचण आहे, जी डेन्मार्कला नाही. पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकण-गोव्याच्या खाड्यांमध्ये इतकं गोडं पाणी येतं की खाऱ्या पाण्याचे प्राणी तसेही मरतात किंवा हटतात, आणि पाऊस संपल्यावर वस्ती नव्यानं बसते. म्हणजे तळ रिकामा दिसला तर तो घाणीमुळे की पावसामुळे, हे ठरवायला एकाच जागेचे वेगवेगळ्या ऋतूंतले आणि अनेक वर्षांचे आकडे लागतात. युरोपात ठरवलेले प्राण्यांचे गट इथे जसेच्या तसे चिकटवूनही चालत नाही.

70 वर्षांनी त्याच जागी

1984 मध्ये पिअर्सन, रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी आल्फ योसेफसन यांनी पीटरसन यांच्या जुन्या नोंदी काढल्या. 1911-12 मध्ये कॅटेगॅटमध्ये जिथे जिथे ग्रॅब टाकला होता, त्याच ठिकाणी पुन्हा नमुने घेतले. 1985 मध्ये छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता: कॅटेगॅटमध्ये पोषकद्रव्यांचा अतिरेक होतोय का? म्हणजे शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी मिळून समुद्राला गरजेपेक्षा जास्त खाऊ घालताहेत का?

बऱ्याच ठिकाणी वस्ती ओळखू येणार नाही इतकी बदलली होती. पीटरसन यांच्या चौकटीतल्या चित्रांमध्ये ठसठशीत दिसणारे सी अर्चिन घटले होते. बारक्या अंगाचे प्राणी वाढले होते. मधल्या काळात समुद्रात खतं आणि सांडपाणी तर वाढलंच होतं, पण तळ खरवडणारे ट्रॉलरही वाढले होते. त्यामुळे कुणाचा दोष किती, हे वेगळं काढणं सोपं नव्हतं. दोन वर्षांनी ओस्लोची खाडी आणि शेजारच्या स्कॅगरॅक समुद्रातल्या जुन्या जागांचीही अशीच फेरमोजणी प्रसिद्ध झाली.

पीटरसन यांचा ग्रॅब आता फारसा कुणी वापरत नाही. 1930 च्या दशकात योहान व्हॅन व्हेन या डच इंजिनिअरनं लांब दांड्यांचा ग्रॅब काढला. तो चिखलात जास्त घट्ट मिटतो, आणि आज युरोपात काय किंवा गोव्याच्या खाडीत काय, बोटीवरून बहुतेक वेळा तोच खाली जातो. त्याचे छोटे-मोठे आकार मिळतात. पण किनारी पाण्याच्या तपासणीत सगळ्यात जास्त चालणारा आकार पीटरसन यांचाच आहे, 0.1 चौरस मीटर.